टेस्टमधल्या मदतनीस फंक्शनांना आवर कसा घालायचा?

हापूसकन्या | २४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आधी असा धागा निघाला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम देवगडच्या घरातून. गेल्या सीझनला काकांच्या आणि शेजारच्या चार बागायतदारांच्या थेट विक्रीसाठी पायथनमध्ये हिशेबाची स्क्रिप्ट लिहिली. कोणाच्या किती पेट्या गेल्या, डझनाला भाव काय लागला, त्यातून भाडं, खोका, हमाली वजा. गिऱ्हाइकाने डागी फळं कळवली तर तेवढे पैसे परत, म्हणजे तूट वजा. आणि शेवटी ज्याची त्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी. पायटेस्टमध्ये (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) ६१ टेस्ट आहेत, म्हणजे स्क्रिप्टची उत्तरं तपासणारे छोटे कोड. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

दर टेस्टला पेटी तयार करा, बागायतदार तयार करा, गिऱ्हाईक तयार करा, याचा कंटाळा येऊन मी मदतनीस फंक्शन्स लिहीत गेले. पेटी_बनव, पट्टी_बनव, सीझन_बनव, तूट_तपास, वगैरे वगैरे. परवा सहज मोजलं तर मदतनीसांची फाइल ४१२ ओळींची आणि मूळ स्क्रिप्ट २८० ओळींची! एखादी टेस्ट सहा महिन्यांनी वाचायला घेतली तर ती नक्की काय तपासते ते मलाच कळत नाही.

तुम्ही ही फंक्शन्स टेस्टच्याच फाइलीत ठेवता की वेगळी? आणि मदतनीसांचीही टेस्ट लिहायची असते का? (इथे कोड चिकटवला की इंडेंटेशन उडतं, पायथनवाल्याला ते किती झोंबतं विचारू नका. म्हणून शब्दांतच लिहितेय.)

मालवणी_मेलो | २४ मे, रात्री ९.५२

४१२ ओळी? मदतनीस नाय गो ते, पावणे झाले. एकदा इले की हलाचा नाव घेणत नाय.

स्मिता_गुहागर | २४ मे, रात्री १०.१५

मी आमच्या होमस्टेच्या बुकिंगसाठी असंच काहीतरी करते, त्यामुळे प्रश्न अगदी पोचला.

एकाच फाइलीला लागणारं मदतनीस त्याच फाइलीत वरती. तीन-चार फाइलींना लागलं तरच बाहेर काढते. पायटेस्टमध्ये त्यासाठी कॉन्फटेस्ट नावाची फाइल असते, तिच्यातली फिक्स्चर्स (टेस्टसाठी आधीच तयार ठेवलेल्या गोष्टी) इंपोर्ट न करताच मिळतात. सोय आहे, पण फिक्स्चर कुठून आलं ते वाचणाऱ्याला दिसत नाही, म्हणून मी बेताने वापरते. तात्पुरतं फोल्डर लागलं तर स्वतः लिहू नका, टीएमपी_पाथ आयतं मिळतं.

वेगळ्या फाइलीत नेताना मी एकदा फसले आहे. असर्ट (‘हे असंच असलं पाहिजे’ ही तपासणीची ओळ) नापास झाला की डावीकडे काय होतं, उजवीकडे काय होतं हे पायटेस्ट छान उलगडून दाखवतं ना? ते करण्यासाठी तो टेस्टच्या फाइलीतले असर्ट इंपोर्टच्या वेळी आतून बदलून घेतो. साध्या मदतीच्या फाइलीला तो हात लावत नाही. मी मदतनीस हलवले आणि दुसऱ्या दिवसापासून नुसतं ‘असर्शन एरर’, आकडे गायब. त्या फाइलीचं नाव रजिस्टर_असर्ट_रीराइट ने आधी नोंदवावं लागतं, आणि तेही ती इंपोर्ट व्हायच्या आधी. माझी पूर्ण दुपार यात गेली. बाहेर पाहुणे सोलकढीची वाट बघत होते.

दुसरं म्हणजे डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये (काही दिलं नाही तर फंक्शन जे धरून चालतं ते) रिकामी यादी ठेवू नका! माझ्या खोली_बनव मध्ये पाहुण्यांची यादी डिफॉल्ट रिकामी ठेवली होती. पायथनमध्ये ती यादी फंक्शन तयार होताना एकदाच जन्मते आणि मग सगळ्या टेस्टना तीच मिळते. एकेक टेस्ट चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की तिसऱ्या टेस्टमधल्या नव्या कोऱ्या खोलीत आधीचे दोन पाहुणे बसलेले.

मालवणी_मेलो | २४ मे, रात्री १०.१९

बघ, मी काय सांगलंय! पावणे!

जुना_पर्लवाला | २४ मे, रात्री ११.०५

चिपळूणहून म्हाताऱ्याचा नमस्कार. तुमच्या पिढीला वाटतं टेस्ट पायटेस्टपासून सुरू झाल्या. १९८७ साली पर्ल भाषेची पहिली आवृत्ती आली तीच मुळी टेस्टसकट. प्रत्येक टेस्ट काय करायची, तर ‘ओके १’, ‘ओके २’, नाहीतर ‘नॉट ओके ३’ एवढं छापायची. छापील ओळी वाचून मोजणारा प्रोग्राम वेगळा. याच साध्या गोष्टीला पुढे टॅप हे नाव मिळालं आणि बाकीच्या भाषांनीही ते उचललं.

पर्लच्याच टेस्ट मोअर मधली ओके, इज, इज_डीपली ही सगळी मदतनीस फंक्शन्सच आहेत. इज_डीपली मला फार आवडतं. दोन गुंतागुंतीच्या रचना दिल्या तर नेमका फरक कुठे सुरू होतो ते सांगतं.

मुख्य मुद्दा. मदतनीसाच्या आत तपासणी केली आणि ती नापास झाली, तर ओळ क्रमांक कोणाचा दिसतो? मदतनीसाचा. त्याचा काय उपयोग? ज्या टेस्टने त्याला बोलावलं तिची ओळ हवी. पर्लमध्ये त्यासाठी टेस्ट बिल्डरची लेव्हल लोकल करून एकाने वाढवायची. हे ज्याला माहीत नाही त्याची दहा नापास टेस्ट एकाच ओळीकडे बोट दाखवतात.

स्मिता_गुहागर | २४ मे, रात्री ११.१२

@जुना_पर्लवाला, काका, पायटेस्टमध्येही आहे तसं. मदतनीसाच्या आत ट्रेसबॅकहाइड नावाचं व्हेरिएबल, पुढेमागे दोन-दोन अंडरस्कोर लावून, ट्रू करायचं. मग ती पायरी वगळून थेट टेस्टची ओळ दिसते.

पुणेरी_पाव्हणा | २५ मे, सकाळी ७.३०

माझं मत पटणार नाही बहुतेकांना, तरी लिहितो. मदतनीस फंक्शन्स मुळात नकोतच. टेस्टमध्ये कॉपी-पेस्ट हे पाप नाही. मूळ कोडमध्ये तीच गोष्ट दोनदा लिहू नये हे मान्य, पण टेस्ट ही वाचायची गोष्ट आहे. वरून खाली एका दमात वाचता आली पाहिजे. ४१२ ओळी डिलीट करा, सुटाल.

बॅशभाऊ | २५ मे, सकाळी ८.१०

@पुणेरी_पाव्हणा, ६१ टेस्टमध्ये पेटीचे नऊ रकाने कॉपी-पेस्ट, आणि उद्या दहावा रकाना वाढला की ६१ ठिकाणी बदल. तुम्ही येणार का देवगडला बदलायला?

मी रत्नागिरीत सर्व्हरं सांभाळतो, माझं आयुष्य बॅशमध्ये (लिनक्सवर कमांड लिहायची भाषा) गेलं. बॅशलाही टेस्ट असतात, हसू नका. बॅट्स वापरतो. त्यात रन हे मदतनीस आहे: कमांडच्या आधी रन लिहिलं की तिचा निकाल स्टेटसमध्ये आणि छापलेलं सगळं आउटपुटमध्ये येऊन बसतं, टेस्ट तिथेच मरत नाही. टेस्टच्या आधी तयारीचं सेटअप, नंतर आवराआवरीचं टेअरडाउन. एवढ्यावर माझं भागतं.

आता माझं पाप कबूल करतो. टेअरडाउनमध्ये साफसफाईचं मदतनीस लिहिलं होतं, तात्पुरत्या फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये, त्यापुढे स्लॅश आणि तारा, आणि आरएम उणे आरएफ, म्हणजे न विचारता सगळं पुसणारी कमांड. एके दिवशी सेटअप अर्ध्यात पडला, व्हेरिएबल रिकामं राहिलं. रिकाम्यापुढे स्लॅश आणि तारा म्हणजे काय (मशीनवरचं सगळंच!) ते ज्याला कळलं त्याच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. नशीब की रूट (सर्वाधिकारी युजर) नव्हतो, पण माझं होम फोल्डर पार धुऊन निघालं. चार वर्षांच्या नोंदी, बायकोने दिलेले गणपतीचे फोटो, सगळं. फोटो तिच्या फोनवर होते म्हणून आज इथे लिहितोय.

तेव्हापासून महिरपी कंसात नाव, त्यापुढे विसर्गासारखा कोलन आणि प्रश्नचिन्ह. व्हेरिएबल रिकामं असेल तर बॅश तिथेच थांबतो. आणि तात्पुरतं फोल्डर कायम एमकेटेम्प ने.

मालवणी_मेलो | २५ मे, सकाळी ८.२२

फोटोंचा वाचान जीव भांड्यात पडलो. नोंदींचा काय, परत लिवता येतत.

खाडीकाठ | २५ मे, दुपारी १.१०

उशिरा आलो, दाभोळला सकाळपासून लाइट नव्हती. पावसाआधीची झाडतोड चालू आहे.

मी मच्छीमार सोसायटीच्या डिझेल आणि मासळीच्या नोंदीची स्क्रिप्ट सांभाळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, म्हणून त्या काळात फेरीची नोंद स्क्रिप्टने नाकारायची. टेस्ट काय लिहिली? ‘आजची फेरी नोंदवली तर स्वीकारली जाते.’ एप्रिलमध्ये हिरवी, मे महिन्यात हिरवी, १ जूनला सकाळी लाल. मी तासभर कोडमध्ये चूक शोधत होतो. कोड बरोबर, टेस्टच खुळी!

तारखेसाठी मदतनीस लिहायला गेलो. पायथनच्या डेट मधलं टुडे बदलायला जा, तो म्हणतो अंगभूत टाइपला हात लावता येणार नाही. उपाय साधा निघाला. मूळ फंक्शनलाच ‘आज’ हे आर्ग्युमेंट दिलं. टेस्टमध्ये ३१ मे, १ जून, ३१ जुलै, १ ऑगस्ट या चार तारखा पॅरामेट्राइझ करून दिल्या, म्हणजे एकच टेस्ट प्रत्येक तारखेला चालते. मदतनीसाची गरजच संपली. मला वाटतं बरीच मदतनीस फंक्शन्स मूळ कोड अवघड जागी बसलाय म्हणून लिहावी लागतात.

अवांतर: सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असेल तर पहाटे साडेपाचच्या आतली नोंद आदल्या दिवसावर पडते. आमच्या बोटी चारलाच लागतात धक्क्याला. म्हणजे रोजचीच चूक.

स्मिता_गुहागर | २५ मे, दुपारी १.३१

‘मूळ कोड अवघड जागी बसलाय’ याला +१.

टेस्टर_तात्या | २५ मे, संध्याकाळी ६.४५

हापूसकन्या, फाइल कुठे ठेवायची हा प्रश्न दुय्यम आहे. मला तुझी दोन फंक्शन्स समजून घ्यायचीत. पेटी_बनव आत काय करतं? आणि तूट_तपास उत्तर कशाशी ताडून बघतं?

हापूसकन्या | २५ मे, रात्री ८.२०

सगळ्यांचे आभार! स्मिताताई, रिकाम्या यादीचं तपासलं, दोन ठिकाणी सापडलं. 🙈

तात्या, पेटी_बनव ला सगळ्याच गोष्टी डिफॉल्ट आहेत. ४ डझन, डझनाला ९०० रुपये, डागी फळं शून्य, बागायतदार काका. टेस्टमध्ये फक्त जे बदलायचं ते द्यायचं, म्हणून टेस्ट छोट्या दिसतात.

तूट_तपास हे पेटी घेतं, पेटीची किंमत भागिले पेटीतली_फळं, गुणिले डागी, असं काढून स्क्रिप्टच्या उत्तराशी जुळवतं. पेटीतली_फळं हा आकडा मूळ स्क्रिप्टमध्येच ठरवलेला आहे, तिथूनच इंपोर्ट केलाय, दोन ठिकाणी लिहायला नको म्हणून.

टेस्टर_तात्या | २५ मे, रात्री ८.२६

तो आकडा किती आहे?

हापूसकन्या | २५ मे, रात्री ८.२८

४८.

टेस्टर_तात्या | २५ मे, रात्री ८.२९

आणि पाच डझनी पेटी आली तर?

पुणेरी_पाव्हणा | २५ मे, रात्री ८.३५

आई गं.

मालवणी_मेलो | २५ मे, रात्री ८.३६

गो बाय, खय गेलंस?

जुना_पर्लवाला | २५ मे, रात्री ९.१०

पोरगी हिशेब तपासत असणार, तिला तपासू द्या. तोवर अवांतर. पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत खरंच चालतं का? पेटी_बनव हे वाचून विचारतोय.

बॅशभाऊ | २५ मे, रात्री ९.२४

चालतं काका. पण गंमत अशी की देवनागरीत ‘टेस्ट_’ असं सुरू होणारं फंक्शन पायटेस्टला सापडतच नाही, तो रोमन अक्षरांतलं टेस्ट शोधतो. एकाने सगळ्या टेस्ट मराठीत लिहिल्या आणि ‘एकही टेस्ट चालली नाही’ असा निरोप आला. आणि ‘ऱ्या’ जर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा टाइप केला असेल तर सिंटॅक्स एरर. ते जोडचिन्ह डोळ्यांना दिसत नाही, पायथनला दिसतं.

उलट मराठी आकड्यांचं त्याला वावडं नाही. इंट ला ‘५’ ही स्ट्रिंग दिली तर तो निमूट पाच देतो. व्हॉट्सॲपवर मराठी आकड्यांत ऑर्डरी येतात त्यांना उपयोगी.

स्मिता_गुहागर | २५ मे, रात्री ९.४०

हे आकड्यांचं माहीत नव्हतं! आमचे अर्धे बुकिंग ‘२ खोल्या ३ दिवस’ असेच येतात, मी वेड्यासारखं आधी बदलून घेत होते.

हापूसकन्या | २६ मे, रात्री १०.०५

आले. काल रात्री झोप लागली नाही.

एकही मदतनीस न वापरता एक टेस्ट लिहिली. पाच डझन, डझनाला ९००, म्हणजे पेटी ४५०० ची. चार फळं डागी. साठ फळं, एक फळ ७५ रुपयांना, चार फळांचे ३००. हे ३०० मी हाताने टाइप केले. टेस्ट लाल. स्क्रिप्ट म्हणते ३७५, कारण ती ४५०० ला ४८ ने भागते.

माझ्या तूट_तपास ला हे कधीच सापडलं नसतं. तेही ४८ नेच भागत होतं. वर पेटी_बनव डिफॉल्टने चार डझनीच पेटी देत होतं, आणि मी ६१ पैकी एकाही टेस्टमध्ये डझन बदललेले नाहीत.

या सीझनच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा काढल्या. एकट्या काकांच्या पाच डझनी पेट्यांत ३६ डागी फळं, फळामागे १८ रुपये ७५ पैसे जादा गेलेले, म्हणजे ६७५ रुपये. शेजारच्यांचे वेगळे. गिऱ्हाइकांना जास्त पैसे परत गेले, म्हणून तर कोणी बोललं नाही. जास्त मिळाल्याची तक्रार कोण करतो?

काकांना सांगितलं. ते पडवीत आंब्यांना गवत लावत होते. हात थांबला, पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘डझन म्हणजे अजून बाराच ना गो?’

खाडीकाठ | २६ मे, रात्री १०.१८

काकांचा प्रश्न फ्रेम करून लाव.

टेस्टर_तात्या | २६ मे, रात्री १०.५०

वाईट वाटून घेऊ नकोस, पकडलंस हे झालं. मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या टेस्ट वाचतोय, हे दुखणं सगळीकडे आहे. अपेक्षित उत्तर काढायला मूळ कोडचंच सूत्र वापरलं की टेस्ट फक्त एवढंच सांगते की सूत्र स्वतःसारखं आहे.

पुणेरी म्हणतात तसं सगळं डिलीट करू नकोस. पेटी_बनव राहू दे. बागायतदाराचं नाव, खोक्याचा रंग, वाहतुकीची तारीख हे तुटीच्या टेस्टला नकोच आहे, ते त्याने झाकावं. पण डझन, भाव, डागी हे तीन आकडे टेस्टमध्येच दिसले पाहिजेत. त्यांचे डिफॉल्ट काढून टाक, दिले नाहीत तर एरर येऊ दे. आणि उत्तर कायम हाताने लिहिलेला आकडा.

मदतनीसांची टेस्ट लिहावी का हे विचारलं होतंस. ज्या मदतनीसात इफ किंवा लूप आलं त्याची लिहावी लागेल, म्हणून शक्यतो इफ येऊच देऊ नये.

अजून एक, पैसे फ्लोटमध्ये (दशांशाचे जवळपासचे आकडे) ठेवलेस का?

हापूसकन्या | २६ मे, रात्री १०.५८

हो. 😬 आणि सगळीकडे पायटेस्टचं ॲप्रॉक्स (थोडा फरक चालवून घेणारी तुलना) लावलंय.

टेस्टर_तात्या | २६ मे, रात्री ११.०९

ॲप्रॉक्स ची मूळ सूट दहा लाखात एक असते. पेटीला ती काहीच नाही. पण सीझनची उलाढाल ४५ लाख असली तर साडेचार रुपयांचा फरक ते बिनतक्रार पास करतं. पैसे पैशांतच पूर्णांकाने ठेव, नाहीतर अचूक दशांशाचं डेसिमल वापर. मग बरोबर म्हणजे बरोबर.

पुणेरी_पाव्हणा | २७ मे, सकाळी ७.१५

तात्यांचं म्हणणं मान्य. ‘मदतनीस नकोतच’ मागे घेतो, ‘आकडे झाकणारे मदतनीस नकोत’ असं वाचावं.

मालवणी_मेलो | २७ मे, सकाळी ७.२०

पुणेकरान शब्द मागे घेतल्यान! धागो जपून ठेवा रे कोणीतरी.

हापूसकन्या | २ जून, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. सीझन आटोपला, पाऊस सुरू झाला, निवांत बसून सगळं नीट केलं.

मदतनीस ४१२ वरून १३० ओळींवर आले, आणि स्मिताताईंचं ऐकून बहुतेक त्या त्या टेस्टच्या फाइलीतच वर नेले. ४८ हद्दपार, आता डझन गुणिले १२. पैसे पूर्णांकात.

अपेक्षित आकड्यांसाठी मला बाहेरचं कोणीतरी हवं होतं. काका अजूनही वहीत पेन्सिलीने समांतर हिशेब लिहितात, मी त्यावरून इतकी वर्षं त्यांना चिडवत होते. त्या वहीतल्या १४ पट्ट्या जशाच्या तशा टेस्टमध्ये उतरवल्या. डावीकडे पेट्या, उजवीकडे काकांनी काढलेली रक्कम.

१३ हिरव्या. एक लाल, दहा रुपयांनी. मी रात्रभर स्क्रिप्ट उलटीपालटी केली. मग वहीतली बेरीज पुन्हा केली तर तिथे काकांनी हातचा एक घेतलेलाच नाही. आता हे त्यांना सांगायचं कोणी?

बॅशभाऊ | २ जून, रात्री ९.२२

एक्सफेल (‘ही नापास होणारच’ अशी खूण) लावून ठेव त्या टेस्टला. कारण विचारलं तर लिही: काका.